रात्रीच्या भरतीची माणसं

गौरीच्या जेवणाच्या दिवशी प्रभाकरच्या घरात भांडण ठरलेलं. गेल्या वर्षी ते मखराच्या रंगावरून झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी मोदकांच्या सारणावरून. यंदा प्रांजल अजून झोपलीय यावरून पेटलं, आणि पेटवलं अर्थातच प्रभाकरनं, कारण या घरात लवकर उठण्याचा मक्ता त्याच्याकडे होता.

उरणच्या कोळीवाड्यातून रोडपालीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तो रोज उजाडायच्या आत तलावाला फेऱ्या मारायचा आणि मोबाइलवर फुलांचे फोटो टाकून साऱ्या नातेवाइकांना सुप्रभात करायचा. नातेवाईक झोपेतच कपाळाला हात लावत. पण पोर्टाच्या ऑफिसात साहेब झालेल्या माणसाला बोलणार कोण?

“दुपार व्हायला आली, कोमल! गौर घरात पाहुणी बसलीय आणि तुझी लेक अजून अंथरुणात!”

“माझ्या एकटीची लेक आहे का ती?” कोमल स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “आणि आज सुट्टी आहे तिला. हळू बोला जरा.”

“निजू दे रं पोरीला,” सखूबाई म्हणाली. ही प्रभाकरची थोरली बहीण, चिंबोऱ्यांची टोपली मांडीवर घेऊन सकाळच्या बसनं उरणहून आलेली. “आपला दादूकाका नाय का, एकदम दुपारचं जेवायलाच उठायचा. बाबा म्हनायचा, त्याला हाक मारू नका, त्याची सकाल अजून झाली नाय.”

ती हसली, पण तिच्याबरोबर कोणीच हसलं नाही. मखराशेजारी खुर्चीत बसून वाती वळणाऱ्या गंगाबाईचे हात थांबले. ही दोघांची आई, दादूची वहिनी. दादूचं नाव या घरात सहसा निघत नसे. निघालंच तर ‘जेट्टीवर पाय घसरून गेला बिचारा’ एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

“दादूकाकाचं सोड, बाय,” प्रभाकर म्हणाला. “ते दिवस वेगळे होते.”

स्वयंपाकघरात कोमल चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती. या कामात तिचा हात कोणी धरला नसता, पण आज एक नांगी बोटात घुसली आणि दुसरी ओट्याखाली गेली. सखूबाईनं ती उचलून पाण्याखाली धरली.

“कोमल, काय बिनसलंय तुझं? डोले का सुजलेत?”

“कांदा हो, वन्स.”

“कांदा मी चिरलाय.”

कोमल हसली आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागली. सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. गणपती यायच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी, दोघी मायलेकी वाळलेले कपडे घड्या घालत बसल्या होत्या. प्रांजल मध्येच म्हणाली होती, “आई, मला जगावंसंच वाटत नाहीये गं.” रडत नव्हती, चिडलेली नव्हती. उशीचा अभ्रा घडी करून बाजूला ठेवला आणि पुढे म्हणाली, “मी पनवेलला एका डॉक्टरबाईंना भेटून आलेय. त्यांनी लवकर परत बोलावलंय, आणि येताना घरच्यांना घेऊन या म्हटलंय.”

कोमलनं लेकीला जवळ घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग तिनं जे केलं ते इकडची कुठलीही बाई करते. डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशीची होती. घरात माळे उतरवलेले, मखराचा पसारा, पंचवीस माणसांचं जेवण. तिनं दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. काय म्हणाली? “गणपती झाल्यावर येतो.”

श्रावण संपला की आमच्याकडं साऱ्या प्रश्नांना हेच एक उत्तर असतं. गळका नळ, दुखरी दाढ, पोरीचं स्थळ, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं गणपती झाल्यावर. दवाखान्यातल्या मुलीनं “नक्की चालेल का?” असं दोनदा विचारलं होतं, पण कोमलला त्या प्रश्नातलं काही लक्षात आलं नाही. मात्र त्या रात्रीपासून ती लेकीच्या खोलीतच झोपत होती. पाहुण्यांना जागा हवी, असं नवऱ्याला सांगितलं होतं.

प्रांजल झोपलेली नव्हतीच. चादरीखाली डोळे उघडे ठेवून ती बाहेरचं सगळं ऐकत होती. पप्पांचा आवाज, मिक्सर, आत्याचं हसणं. लहान असताना गौरीच्या दिवशी हे सगळं ऐकत पडून राहायला तिला किती आवडायचं! आज मात्र उठून त्या माणसांत जायचं या विचारानंच तिला दमल्यासारखं झालं.

चैत्रापर्यंत सगळं बरं होतं. पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका मोठ्या गोदामात ती रात्रपाळीला होती. कुठला ट्रक कुठं पोचला, कुठला घाटात अडकला, ते पडद्यावर बघायचं आणि ड्रायव्हरांशी बोलायचं. सगळं जग पेंगायला लागलं की तिचं डोकं लख्ख व्हायचं. शेजारच्या टेबलावर हेतल असायची. दोघी मिळून डबा खायच्या, ड्रायव्हरांच्या बायकांची चौकशी करायच्या, एकमेकींना चिडवायच्या. सकाळी घरी येऊन पडदे ओढून ती गाढ झोपायची. शाळेपासून ‘आळशी’ ऐकत आलेल्या पोरीला पहिल्यांदाच कोणीतरी ‘हुशार’ म्हणालं होतं.

मग स्थळं येऊ लागली. मुलगी रात्रपाळी करते म्हटल्यावर समोरची माणसं चहाचा कप अर्धा ठेवून उठायची. प्रभाकरनं ती नोकरी सोडायला लावली आणि ओळखीनं पनवेलच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर चिकटवलं. तिथं उपाशीपोटी रक्त द्यायला लोक पहाटेच रांग लावतात. प्रांजलला झोप लागायची तीच मुळी पहाटेच्या सुमाराला, आणि तेवढ्यात अलार्म वाजायचा. रात्रभर सगळे घोरत असताना ती एकटी छताकडे बघत राहायची. त्या वेळी मनात काय काय येई ते तिनं हेतललाही सांगितलं नव्हतं.

“प्रांजू, उठतेस ना? पानं घेतेय,” दारातून आईनं हाक मारली. ती उठली.

तिखटाच्या नैवेद्याची वेळ झाली तसा गणपतीसमोर पडदा ओढला गेला. आमच्या गौरीला चिंबोऱ्या लागतात आणि गणपतीला त्यांचा वासही चालत नाही, म्हणून मायलेकरांच्या मध्ये दरवर्षी हा पडदा. गौरीला पान वाढलं, मग घरच्यांना. पंचवीस माणसं संध्याकाळी यायची होती. दुपारच्या पंगतीला घरचीच पाच.

प्रभाकरनं पहिला घास घेतला आणि त्याचा राग निम्मा उतरला. कोमलच्या हातच्या कालवणानं तो नेहमीच उतरत असे. प्रांजल समोर बसून भात चिवडत होती. पोरगी वाळलीय, त्याच्या मनात आलं. डोळ्यांखाली काळं आलंय. त्याला तिची काळजी वाटली आणि काळजी वाटली की तो हुकूम सोडायचा, ही त्याची जुनी खोड.

“उद्या विसर्जन,” तो म्हणाला. “परवापासून तू माझ्याबरोबर तलावावर यायचंस. पहाटेची हवा लागली की बघ कशी टवटवीत होतेस. रात्र रात्र जागून तब्येतीची वाट लावून घेतलीयस. शरीराला शिस्त लागते, बाळा.”

“परवा मला डॉक्टरकडे जायचंय, पप्पा.”

“कसला डॉक्टर?”

“मनाच्या डॉक्टर.”

कोमल वाढता वाढता थबकली. “मी सांगणारच होते तुम्हाला,” ती घाईघाईनं म्हणाली. “म्हटलं, गणपती झाल्यावर...”

“मनाच्या? म्हणजे काय झालंय काय तिला? खायला-प्यायला कमी आहे? आम्ही काय कमी केलंय?”

“काही कमी केलं नाहीत, पप्पा. त्याचा संबंध नाही.” प्रांजल ताटाकडे बघत बोलत होती. “डॉक्टर म्हणाल्या, प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असतं. कोणाचं पुढे, कोणाचं मागे. बरंचसं जन्मापासून तसंच असतं. तुमचं पहाटे सुरू होतं, माझं रात्री. हा आळस नाही आणि आजारही नाही. पण माझ्यासारख्यांना उदास वाटण्याचा, नको नको ते विचार येण्याचा त्रास जास्त बघायला मिळतो, म्हणाल्या. त्याची कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक म्हणजे सारखं उलट्या वेळेला जगायला लागतं आणि वर बोलणी खावी लागतात. रात्री एकटीनं जागत पडलं की विचार आणखी काळे होतात.”

“हे बघ, हे सगळे पैसे काढायचे धंदे. सकाळचं ऊन अंगावर घे, आपोआप...”

“ऊन तर त्यांनीपण सांगितलंय!” प्रांजलचा आवाज चढला. “पण हळूहळू. औषधाबरोबर. थोडं थोडं अलीकडे सरकायचं. रात्रपाळी हे औषध आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही मला एका आठवड्यात उलटी टांगलीत, पप्पा, आणि वर विचारता की चक्कर का येते!”

“आवाज खाली! गौर बसलीय घरात.”

“प्रभ्या, गप बस.”

हे गंगाबाई बोलली. एवढ्या मोठ्या साहेबाला अजूनही ‘प्रभ्या’ म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

“जनमापासून आसतं म्हनाली ना डाक्टरीन? आगदी खरं हाय. मी डोल्यांनी बघितलंय.” तिनं नातीकडे पाहिलं. “आमच्या वेलेला घड्याल कोनाकडं होतं? पानी उठवील तवा उठायचं. डोल म्हंजे मोठं जालं, खाडीत बांधून ठेवायचं. पानी थांबलं की ते उचलायचं, मग ती दुपार आसो नायतर मध्यरात. घरात भाव दोन, होडी एक. तुजा आजा दिवसाचं पानी करायचा, रातीचं दादू. आजा रातीचा निस्ता डुलक्या खायचा, येकदा तर पान्यात पडला. आन दादू? अंधार पडला की त्याच्या अंगात वारं भरायचं.”

“गानी म्हनायचा,” सखूबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून साठ वर्षं उतरली. “खाडीवरनं आवाज यायचा. आमी पोरं अंथरुणातनं ऐकायचो. आय म्हनायची, झोपा आता, काका आलाच.”

“बोंबील घेऊन उजाडता उजाडता यायचा. भिजलेला, दात वाजतायत, आन हसतोय. ‘वैनी, च्या!’ मंग जो झोपायचा तो दुपारपातूर. मी पोरांना वरडायची, आवाज करू नका, तुमचा काका दर्यावरून आलाय. सगला वाडा त्याला घुबड म्हनायचा. पन मानानं म्हनायचा. रातीच्या पान्याला दादूच पायजे, आसं मोठे मोठे होडीवाले नाखवे म्हनायचे. आन होडीवर नियम होता, रातीचा जागता मानूस येकटा ठेवायचा नाय. जोडीला कोन ना कोन बसायचाच, बोलत.”

प्रभाकरला एकदम त्या चहाचा वास आठवला. दादूकाका बशीत चहा ओतून आधी त्याला द्यायचा, मग स्वतः प्यायचा. ओल्या शर्टाला मासळीचा वास, आणि त्या वासाच्या मांडीवर बसलेला तो. कित्येक वर्षांत त्याला हे आठवलं नव्हतं. चिंबोरी तिखट लागलीय असं दाखवत तो पाणी प्यायला.

“मंग खाडीत मासली ऱ्हायली नाय,” गंगाबाई म्हणाली. “होडी इकली. दादूला कंपनीत चिकटवला, सगल्यांना आनंद झाला. पगार, बूट, डबा. पहाटेची गाडी यायची. रातभर हा ओट्यावर बसून ऱ्हायचा, येकटा, डोले टक्क उघडे. गानी बंद. हसनं बंद. आमी म्हनायचो, होईल सवय. शिमग्याच्या आधी येक दिवस तुज्या बापाला म्हनाला, प्रभ्या. मी चुलीपाशी होती, माज्या कानांनी ऐकलंय. म्हनाला, ‘दादा, मना जगावंसं वाटत नाय. मना कुठं तरी घेऊन चल.’”

कोमलच्या हातातली वाटी खाली आली आणि भातावर कलंडली.

“बाबा काय म्हणाले?” प्रभाकरनं विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं.

“काय म्हनेल? शिमगा तोंडावर. पाहुने येनार, पालखी येनार. म्हनाला, ‘शिमगा होऊ दे, मंग जाऊ.’” गंगाबाईनं पदर तोंडावरून फिरवला. “पालखीच्या दिशी पहाटे कामाला म्हनून निघाला, तो कामावर पोचलाच नाय. त्याचा पाय घसरला नव्हता, प्रभ्या. आमी लोकांना तसं सांगितलं. चौकीत पन तसंच सांगितलं. मंग आपल्यालाच खरं वाटाया लागलं. नोकरीनं मारला आसं मी म्हनत नाय. त्याच्या मनात काय काय होतं ते देवाला ठावं. पन तो बोलला होता. बोलून दाखवलं होतं त्यानं. आन आमी त्याला तारीख दिली.”

पडद्यामागं गणपतीपुढची माळ लुकलुकत होती. कोमल आवाज न करता रडत होती आणि आता कांद्याचं नाव सांगायलाही तिला सुचत नव्हतं.

प्रभाकर ताटावरून उठला. हात धुवायला गेला असं सगळ्यांना वाटलं. तो टेबलाला वळसा घालून आला आणि लेकीच्या खुर्चीशेजारी, खाली फरशीवर, तसाच उष्ट्या हातानं बसला. इस्त्रीच्या सदऱ्याला रस्सा लागला. हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाला विचारायचं कसं ते पटकन सापडत नाही.

“प्रांजू,” तो म्हणाला. “मरायचं मनात येतं का तुझ्या?”

सखूबाईनं “अगं बाई” म्हणत तोंडावर हात ठेवला. असला प्रश्न सणाच्या दिवशी कोणी विचारतं का? पण प्रांजलनं मान वर केली. इतके दिवस सगळ्यांनी तिला विचारलं होतं: झोपलीस का, उठलीस का, जेवलीस का, चेहरा असा का केलायस? हे एवढं एकच कोणी विचारलं नव्हतं.

“हो, पप्पा,” ती म्हणाली. “येतं. रोज येतं.”

“आत्ता?”

“आत्तापण.” आणि मग तिला रडू फुटलं. लहानपणी पडल्यावर रडायची तसं, तोंड उघडं टाकून. प्रभाकरनं तिला जवळ ओढलं. रस्सा आता दोघांच्या कपड्यांना लागला.

“पप्पा, मला भीती वाटते माझीच.”

“मी आहे. मी रात्री जागेन तुझ्याबरोबर. मला झोप आली तर चिमटा काढ, हाणून उठव. पण एकटी बसायचं नाही. कळलं?” त्याचा आवाज फाटत होता. “चुकलं गं माझं, बाळा. कोमल, त्या डॉक्टरबाईंना फोन लाव.”

“आज? गौरीच्या दिवशी? सुट्टी असेल हो त्यांना.”

“लाव तू. नाही उचलला तर मोठ्या हॉस्पिटलला जाऊ. कुठंतरी कोणीतरी असेलच की बसलेलं.”

कोमलनं ओल्या हातानंच फोन लावला. दोन शब्द बोलली आणि तिला पुढं बोलता येईना, म्हणून सखूबाईनं फोन हातातून घेतला. आयुष्यात कधी मनाच्या डॉक्टरशी न बोललेली सखूबाई ठणकावून म्हणाली, “आमची पोरगी हाय. तिच्या मनात जीव द्यायचं येतं. आत्ता पन येतं. आमी तिला आत्ता आनतो. हां. हां. नाय, येकटी नाय सोडत. निघालोच.” फोन ठेवून ती म्हणाली, “या म्हनाल्या. लगेच या.”

मग धांदल उडाली. कोमल चपला शोधायला लागली, चार्जर घेतला, उगाच पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. प्रभाकर तोच डागाळलेला सदरा घालून किल्ली शोधत होता. सगळी दाराशी गेल्यावर सखूबाईला एकदम आठवलं.

“प्रभ्या, संध्याकालची मानसं? आरती?”

“होईल, नाहीतर राहील,” प्रभाकर म्हणाला. चाळीस वर्षांत आरतीला एका मिनिटाचा उशीर न होऊ देणारा माणूस. “विचारलं कोणी तर खरं काय ते सांग, बाय. पोरीला बरं नाही, दवाखान्यात नेलीय म्हणून सांग. लपवू नको काही.”

प्रांजल आजीच्या पाया पडायला वाकली. गंगाबाईनं तिला वाकू दिलं नाही. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून तिनं बराच वेळ बघितलं. ते डोळे, जागे राहणारे, तिनं एकदा याआधी गमावले होते.

“जा,” ती म्हणाली. “गौर माहेरवाशीन हाय. तिला समजतं. आन रातीला परत आलीस की माज्याजवल बस. मला बी हल्ली झोप येत नाय.”

लिफ्टचं दार बंद झालं. घरात दोघी मायलेकी उरल्या आणि समोर अर्धवट टाकलेली पाच ताटं.

“गाडी निघाली का बघ,” गंगाबाई म्हणाली.

सखूबाई खिडकीशी गेली. खाली प्रभाकर मागच्या सीटचं दार उघडून धरून उभा होता. प्रांजल बसली, कोमल तिला चिकटून बसली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि पनवेलच्या बाजूला वळली.

“निघाली, आये. गेली.”

गंगाबाईनं मान हलवली. मग तिनं पदर डोक्यावरून काढला आणि हंबरडा फोडला. दादू गेला तेव्हा पाय घसरल्याच्या गोष्टीला शोभेल इतकंच रडायची तिला मुभा होती. आज ती “दादू, माज्या लेकरा, दादू” म्हणत रडली, चांगली मोठ्यानं, शेजारच्या फ्लॅटची दारं उघडेपर्यंत, आणि सखूबाईनं तिला गप्प केलं नाही.